देवगिरी आणि वेरूळ : घोडेगावहून एका दिवसाची यात्रा

परदेशवारीत विंडसरचा राजवाडा पाहण्यासाठी महिनोन्‌महिने आधी बेत आखणारी अनेक व्यापारी कुटुंबे नगर जिल्ह्यात आहेत. मात्र घोडेगावच्या पेठेपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर उभी असलेली यादवांची राजधानी त्यांतील कित्येकांनी केवळ वेरूळला जाता-येता मोटारीच्या काचेतून पाहिलेली असते. देवगिरी पाहायची तर तिच्यासाठी स्वतंत्र दिवस राखावा लागतो, आणि त्याची आखणीही थोडी विचारपूर्वक करावी लागते.

चातुर्मासात शेवाळलेल्या दगडी वाटांवर जीवविराधना अधिक, शिवाय पाय घसरण्याचे भयही असते. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस उत्तम. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा. पेठेतील बाजाराचा दिवस कोणताही दुकानदार आपोआपच टाळील. नवकारशी करून निघाल्यास नेवासा फाटा, प्रवरासंगम, वाळूज या मार्गाने ऊन चढण्यापूर्वी किल्ल्याच्या दारात पोहोचता येते. क्रम मात्र सकाळी किल्ला आणि दुपारी लेणी असाच ठेवावा. चढण थंड वेळी होते, आणि पश्चिमाभिमुख लेण्यांत दुपारनंतर सूर्यप्रकाश आतपर्यंत उतरतो.

इ.स. ११८७ च्या सुमारास भिल्लम यादवाने येथे राजधानी वसविली. सुमारे दोनशे मीटर उंचीच्या या डोंगराचा खालचा भाग तासून सरळ भिंतीसारखा केला आहे. त्याभोवती कातळात खोदलेला खंदक, आणि पुढे ‘अंधारी’ नावाचा वळणावळणांचा काळोखी भुयारी मार्ग आहे. वयोवृद्धांनी चांदमिनार, हत्ती हौद आणि भारतमातेचे मंदिर एवढे निवांत पाहावे. हे मंदिर ज्या वास्तूत आहे ती १३१८ मध्ये मशीद म्हणून उभारली गेली, आणि तिचे खांब त्याहूनही जुन्या मंदिरांचे आहेत. धडधाकट मंडळींनी विजेरी घेऊन अंधारीतून वर जावे. तेथे वटवाघळांची वस्ती असते. मुलांना गोंगाट करू देऊ नये.

एवढी तटबंदी असूनही देवगिरी पडली, ती कशामुळे? फिरिश्त्याच्या इतिहासात याचे उत्तर आहे, आणि ते व्यापाऱ्यांच्या मुलांनी किल्ल्यावर बसूनच ऐकावे असे आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा रामदेवरायाच्या लोकांनी बाहेर पडलेली हजारो पोती धान्याची समजून घाईघाईने गडावर नेली. वेढ्यात ती उघडली, तर आत मीठ! घाबरून पळालेल्या व्यापाऱ्यांचा तो माल होता. अन्नावाचून राजाला तह करावा लागला. पुढे १६३३ मध्ये मोगलांच्या वेढ्यातही उपासमारीने निजामशाहीच्या हातून हाच किल्ला गेला. ज्या गडाचा कडा चढणे शत्रूला जमले नाही, तो रिकाम्या कोठारामुळे गेला. पोते उघडून पाहिल्याखेरीज माल वहीत जमा करू नये, ही आजोबांची शिकवण येथे इतिहास होऊन भेटते.

याच राजधानीशी पेथडशहाची कथा जोडलेली आहे. जैन परंपरेप्रमाणे मांडवगडच्या या मंत्र्याला देवगिरीत जिनमंदिर उभारायचे होते, पण जागा मिळणे कठीण होते. त्याने ओंकारेश्वरी सदावर्त सुरू केले, ते स्वतःच्या नावाने नव्हे, तर यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावाने. आपली कीर्ती दूरवर कशी पसरली याचा शोध घेता हेमाद्रीला खरा दाता कळला, आणि मंदिराला जागा मिळाली. देणगीच्या पाटीवरील नावासाठी जेथे घराघरांत रुसवे होतात, तेथे ही कथा जरा सावकाश सांगावी.

दुपारी वेरूळला कैलासापाशीच न थांबता उत्तरेच्या टोकाला असलेली ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी गाठावीत. इंद्रसभेत पार्श्वनाथ आणि वेली अंगावर चढलेले बाहुबली समोरासमोर ध्यानस्थ आहेत. तेथून वर चारणाद्रीवर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्या शिलालेखात शके ११५६ ही मिती आणि चक्रेश्वर या दात्याचे नाव आहे. तेव्हा देवगिरीवर सिंघण यादवाचे राज्य होते. ज्या काळी गडावर राजसत्तेचा दरारा होता, त्याच काळी एका गृहस्थाने या डोंगरावर आपली संपत्ती अशी वेचली. सिंघणाचे सिंहासन आज कोठेही दिसत नाही. चक्रेश्वराने बसविलेल्या मूर्तीपुढे मात्र अजूनही हात जोडले जातात.

थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून जेवणाचे डबे आणि गाळलेले पाणी बरोबर ठेवून पाचलाच पंगत बसवावी. परतीच्या अंधारात मुलांना एवढेच विचारावे : मिठाची पोती, हेमाद्रीच्या नावाचे सदावर्त आणि चक्रेश्वराची मूर्ती, यांपैकी आपल्या दुकानाच्या कामी काय येईल? उत्तरे निरनिराळी येतील. गावाची वेस येईपर्यंत ती ऐकून घ्यावीत.