दोन दिवसांची यात्रा

"शनिवार-रविवारात औंढ्याला जाऊन येऊ," म्हणताच आईचा चेहरा उजळला. मी ऐटीत बेत सांगितला: शुक्रवारी रात्री मुंबईहून गाडी, सकाळी परभणी, तिथून एस.टी.ने औंढा नागनाथ. रविवारी नामदेवांचे नर्सी आणि परत. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "गाभाऱ्याचं काय?" माझी ऐट उतरली. नागनाथाचे लिंग तळघरात. अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते. आणि आईचे गुडघे! आईच हसली. "नामदेवांच्या कीर्तनासाठी देवानं देऊळ फिरवलं, म्हणून नंदी मागं राहिला म्हणतात ना? मी त्याच्यापाशी बसेन. तुम्ही दर्शन घेऊन या." मी मुकाट्याने तीन तिकिटे काढली.