आजीला सांगायचं का?

आजीचा रिपोर्ट आला आणि बेळगुंदीच्या घरात कुजबुज सुरू झाली. काका म्हणाले, "तिला काही सांगू नका."

हा प्रश्न जुनाच. धक्का टाळण्यासाठी आजाऱ्याशी खोटं बोललेलं चालतं का, याचा विचार केंब्रिजच्या हेन्री सिज्विक यांनी १८७४च्या ग्रंथात केला. लोक ते योग्य मानतात, असं त्यांनी नोंदवलं. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिताना सिज्विकही विचारात घेतले. पण 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला, हेही ते विसरले नाहीत. खोटं क्षम्य असेल, फुकट नाही!

मी काकांना एवढंच विचारलं, "शेत कुणाच्या नावे करायचं, ते आजीनं कधी ठरवायचं?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रविवारी तू पण ये."