शेवटचा थर

गाडी दुकानासमोर लागली की मी आधी पुढचे दोन्ही दिवे बघतो. एक जास्त पिवळा, एक कमी, असं दिसलं की समजायचं, गाडी रोज एकाच बाजूने ऊन खात उभी असते. आमच्या वसईच्या माणिकपुरात ते ओघानंच आलं. जुन्या इमारतींना पार्किंग कुठलं? गाड्या गल्लीत, कंपाउंडला चिकटून. भिंतीकडचा दिवा वाचतो, रस्त्याकडचा जातो. मालक मात्र ठामपणे सांगतो, ‘बल्ब वीक झालाय.’ काहींनी तर आधीच जास्त वॅटचा बल्ब टाकलेला असतो. त्याने उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि आतला रिफ्लेक्टर भाजतो तो वेगळाच.

प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर यांच्या दिव्यांना खरी काच होती. दगड लागला की फुटायची, पण पिवळी पडली असं कधी ऐकलं नाही. अमेरिकेत १९८३ साली नियम बदलला, प्लॅस्टिकच्या लेन्सचे दिवे चालू लागले आणि हळूहळू पॉलिकार्बोनेट सगळीकडे आलं. हे प्लॅस्टिक दगडाला दाद देत नाही. ओरखड्याला आणि अतिनील किरणांना मात्र ते कच्चं. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉनचा कडक, ऊन अडवणारा थर देतात. दिवा पिवळा पडला म्हणजे तो थर संपत आला. हा मळ नव्हे, धुऊन जाणार नाही.

टूथपेस्टने चमक येते, हे खोटं नाही. पेस्टमधली बारीक खर वरचा खराब पापुद्रा खरवडते. पण उरलासुरला थरही तिच्याबरोबर जातो आणि प्लॅस्टिक उघडं पडतं. डासांसाठी अंगाला लावायचा स्प्रे फासून दिवा क्षणात लख्ख करणारे व्हिडिओ तर मला बघवत नाहीत. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिकच विरघळवतं. थिनरने पुसलात तर बारीक भेगांचं जाळं येतं, आणि खोल गेलेली भेग घासायच्या कुठल्याही पेपरने निघत नाही.

दिवे घासून उजळायच्या आमच्या कामाची सुरुवात टेपपासून. बंपर, बॉनेट, फेंडर यांच्या कडांना मास्किंग टेप, दोन पदरी. पेपर सटकला की रंगाचं काम अंगावर. मग ८०० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, आडवा हात. आधी पिवळसर पाणी निघतं. ते ताकासारखं पांढरं होईपर्यंत हात थांबवायचा नाही. लेन्स जिथे वळते त्या कडेला जुना थर चिवट धरून बसतो. बोट फिरवलं की पायरी लागते. ती राहिली तर वरून काहीही मारा, डाग दिसणारच. पुढे १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं.

इथे गिऱ्हाईक हमखास खुर्चीतून उठतं. दिवा पार दुधी झालेला असतो. ‘अहो दादा, होता त्यापेक्षा खराब केलात की!’ मी चहा मागवतो. बफिंग मशीनवर कंपाउंड लावलं तर तो तेवढ्यानेही चमकेल, फोटो छान येईल, पैसेही मिळतील. आणि उघड्या प्लॅस्टिकवर आपलं ऊन पडलं की काही महिन्यांत पिवळेपणा परत. म्हणून अल्कोहोलने पुसायचं आणि हार्डनर घातलेला टूके क्लिअर कोट मारायचा. रेघा त्यात भरतात. गनचा एक हात फिरला की दुधी दिवा आरपार दिसायला लागतो. इतकी वर्षं झाली, मला अजून ते बघायला आवडतं. (गन धरणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसाला वाईट, मास्क कार्बन फिल्टरचाच हवा.)

पावसाळ्यात मी हे काम शक्यतो घेत नाही. वसईची हवा तेव्हा एवढी ओली की कोट वाळता वाळता पांढुरका पडतो. आणि लोक येतात ते नेमके तेव्हाच, कारण चिंचोटीच्या बाजूला महामार्गावर रात्रीच्या पावसात पुढचं काही दिसलेलं नसतं. गणपतीला गावी निघणारे तर आदल्या दिवशी उगवतात. एप्रिल-मेमध्ये या म्हणून सांगतो, कोण ऐकतं! दिव्याच्या आत वाफ धरली असेल तर माझ्याकडे इलाज नाही. ते सीलचं किंवा व्हेंटचं दुखणं, बाहेरून घासून काय होणार?

एएए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये असे दिवे तपासले. खराब झालेले दिवे नव्याच्या पाव भागाइतकाही उजेड देत नव्हते. नीट दुरुस्त केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे हात कितीही चांगला असला तरी नवा दिवा तो नवा दिवा. हे मी आधीच सांगून टाकतो. नव्या जोडीची किंमत ऐकली की बहुतेक जण पुन्हा खुर्चीत बसतात.

काम कुठेही करून घ्या, पण पैसे ठरवण्याआधी एवढं विचारा: घासून झाल्यावर वर काय मारणार? क्लिअर कोट किंवा यूव्ही अडवणारी फिल्म म्हणाले तर गाडी ठेवा. नुसतं ‘पॉलिश’ म्हणाले तर गाडी वळवा.