पासिंग नसलेल्या गाड्या

माझ्या पहिल्या मोटारीला इंजिन नव्हतं. मी पळायचो म्हणून ती पळायची. शाळवाच्या धाटांची चेसी, झिजलेल्या स्लीपरची कापून गोल केलेली चाकं, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे आणि ढकलायला लांब काठी. कराड-विटा पट्ट्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी अशी गाडी केलेली असते. दुकानातली गाडी परवडत नव्हती, हे त्यामागचं सरळ कारण. पण त्या नादात एक गोष्ट डोक्यात बसली ती कायमची: गाडी करता येते.

पुढं ही समजूत गॅरेजनं पक्की केली. शाळेच्या वाटेवरच्या मेस्त्रींकडं एक गोल नाकाची जुनी फियाट होती. सगळा गाव तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचा आणि म्हणताना आवाजात मायाच असायची. तिचा एक दिवा ट्रकचा, सायलेन्सर कुठल्या तरी टेम्पोचा, पुढचा बंपर मेस्त्रींनी स्वतः पत्रा वाकवून केलेला. मूळ कंपनीचा तेवढा आकार उरला होता. मी दारात उभा राहून बघत बसलो की मेस्त्री म्हणायचे, “नुसतं बघून काय हुतंय? हात काळं कर की जरा.” त्यांनी मला प्लग घासायला शिकवलं. फिलर गेज सापडला नाही तर दाढीच्या पात्यानं पॉइंटमधली फट कशी जोखायची, हेही त्यांनीच दाखवलं. इंजिनाच्या आवाजातला बारीक फरक ओळखता आला, त्या दिवशी मला पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

हे मेस्त्री काही जगावेगळे नव्हते. सातारा-सांगलीच्या मातीत ऊस रुजायच्या आधीच लेथ रुजला, असं मी गमतीनं म्हणतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तो लोकांच्या गळी उतरवायला वर्षं घालवली आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली. विहिरीवर इंजिन बसलं, तसं ते बंद पडल्यावर खोलणारा माणूस गावोगावी तयार झाला. ज्याला पंपाचं इंजिन खोलता येतं, त्याला त्याखाली चाकं लावून बघावंसं वाटणारच.

कॉलेजात असताना कोल्हापूरच्या दसऱ्याला गेलो. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक तिथं मिरवणुकीत येते. झेपेलिन वायुनौकांची इंजिनं करणाऱ्या जर्मन कंपनीची ही मोटार. लांब बॉनेट, फुगीर मडगार्ड, चालीत एक संथ डौल. गर्दीतले लोक तिला हात जोडत होते. मी चाकांकडं बघत होतो. सुंदर होतीच ती, पण माझ्या ओळखीची नव्हती. तिचा एखादा नट बदलायची हिंमत आमच्या मेस्त्रींनाही झाली नसती.

ओळखीची वाटावी अशी गाडी मला भेटली ती नुसती ऐकून आणि छायाचित्रांतून. सांगलीहून हाकेच्या अंतरावरच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी, शाळा सातवीपर्यंतच झालेली असताना, 1945 मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा छोट्या मोटारीचं काम हाती घेतलं. 1949 मध्ये पहिला दोन आसनी नमुना उभा राहिला. तिचं नाव मीरा. पुढं पंचवीसेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. इंजिन मागं ठेवलं, स्प्रिंगांऐवजी रबराचं सस्पेन्शन वापरलं, आणि सत्तरच्या दशकात तिची किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचं ठरवलं.

गंमत अशी, की याच सुमाराला फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनी हाच प्रश्न सोडवत होती. त्यांच्या इंजिनियरांना अट घातली होती ती शेतकऱ्याची: दोन माणसं आणि पन्नास किलो बटाटे घेऊन गाडी नांगरटीतून जावी आणि सोबतच्या टोपलीतलं एकही अंडं फुटू नये. ती ‘टू सीव्ही’ ऑक्टोबर 1948 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली, तेव्हा पत्रकारांनी तिची चेष्टा केली. 1990 पर्यंत तशा 38 लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. मीरा नमुन्यांपलीकडं गेली नाही. आपल्याकडं 1951 च्या कायद्यानं मोटार काढायला सरकारी परवाना लागायचा आणि तो मीराच्या वाट्याला आला नाही. 1983 मध्ये मारुती आली आणि तो विषय मिटला. नांगरट दोन्हीकडं सारखीच होती. तिकडं गाडीमागं कारखाना उभा राहिला, इकडं फाईल.

तरी हातांची खाज गेली नाही. आमच्याकडं यात्रांत, सणावारी ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धा लागतात. मागं ट्रॉली जोडलेली, जमिनीवर फक्कीच्या रेषा, आणि घड्याळ लावून उलटं जायचं. ट्रॉली डावीकडं वळवायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडं फिरवावं लागतं आणि ती वळायला लागली की लगेच सोडवून घ्यावं लागतं. क्षणभर उशीर झाला की ट्रॉली घडी घालते. टीव्हीवर मी फॉर्म्युला वनच्या शर्यती आवडीनं बघतो, पण एवढं कसब तिथंही रोज दिसत नाही. हंगामात साखर कारखान्याकडं निघालेले तेच ट्रॅक्टर बघावेत: मडगार्डवर पेंटरच्या हातचा मोर, बंपरवर पोराचं नाव, आरशाला गोंडे. कंपनीनं दिलेला रंग आमच्याकडं कुणी अंतिम मानत नाही.

म्हणून डिसेंबर 2021 मध्ये देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार सगळ्या देशाला दिसले, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आनंद मात्र झाला. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथं लोहारांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप केली. दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं, स्टिअरिंग डावीकडं आणि सुरू करायला मोटारसायकलसारखी किक. खर्च साठेक हजार. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. घरची लक्ष्मी द्यायची कशी, म्हणून आधी घरचे कचरले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो घरी आली आणि किकची जीप महिंद्रांकडं गेली.

महिंद्रा भले निघाले आणि शेवट गोड झाला. पण माझं मन त्यातल्या एका गोष्टीवर अडतं. मीरापासून या जीपपर्यंत सत्तर वर्षं गेली, परवाना राज संपलं, तरी आपल्या हातानं एक गाडी करणाऱ्याला रस्त्यावर यायची सरळ वाट नाही. कौतुकानं ती गाडी प्रदर्शनात जाते, नाहीतर पोलीस ठाण्याच्या आवारात गंजते.

नियम नकोत, असं मी म्हणणार नाही. ब्रेक लागला पाहिजे, वेल्डिंग उघडता कामा नये, समोरून येणाऱ्याचा जीव तुमच्या हौसेपेक्षा मोठा आहे. पण ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी तपासून, पास करून रस्त्यावर सोडायची सरकारी पद्धत आहे. तिथल्या शेडमधून निघालेल्या गाड्या त्या वाटेनं रीतसर नंबर लावून फिरतात. आपल्याकडं गाड्या तपासणारी एआरएआय संस्था 1966 पासून पुण्यात आहे. आमच्या भागात इंजिनियरिंग कॉलेजं आहेत. सांगलीचं वालचंद तर स्वातंत्र्याच्या वर्षी सुरू झालेलं. एका गाडीची तपासणी, परवडणारी फी, वेगाची आणि अंतराची मर्यादा घालून दिलेलं पासिंग, एवढी सोय करायला फार मोठं डोकं लागत नाही.

ती होईपर्यंत वाचकांकडं एक मागणं आहे. तुमच्या गावात कुणा मेस्त्रीनं केलेली गाडी गोठ्यात नाहीतर शेडच्या मागं उभी असेल, तर ती भंगारवाल्याला वजनावर घालू नका. तिचे फोटो काढा, मापं घ्या, इंजिन कुठलं, चाकं कुठली, कुणी आणि कधी केली, ते त्या माणसाकडूनच विचारून लिहून काढा आणि जवळच्या इंजिनियरिंग कॉलेजात नेऊन द्या.