'कधी कधी' नावाचा आजार

गाडीला होणारे आजार दोन जातींचे. पहिली जात प्रामाणिक. टायर पंक्चर झाला, रेडिएटर फुटला, क्लच प्लेट संपली... गाडी उभी राहते, मेस्त येतो, बघतो, सुटा भाग बदलतो, बिल देतो. विषय संपला. दुसरी जात मात्र महालबाड. गाडी चार दिवस सुरळीत चालते आणि पाचव्या दिवशी किल्ली फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू! गॅरेजात नेली तर शहाण्या मुलासारखी पहिल्याच झटक्यात स्टार्ट. "गाडयेक कांय जावंक ना, पात्रांव!" असं म्हणून मेस्त बॉनेट बंद करतो. डॉक्टरच्या दारात पोहोचल्यावर दाढदुखी थांबते ना, अगदी तसंच.

ही दुसरी जात बहुतेक वेळा विजेची असते, आणि आपल्या गोव्यात तिला हवापाणी छान मानवतं. जून ते सप्टेंबर ओलावा, उरलेले महिने खारा वारा. तांब्याच्या तारेवर हिरवी पूड धरते, बोल्टाखाली गंज चढतो. वरून बघितलं तर तार शाबूत, बोल्ट जागेवर. आत मात्र पापुद्रा. हा पापुद्रा थंडीत, उन्हात, पावसात, खड्ड्यात वेगवेगळा वागतो. म्हणून गाडी 'कधी कधी' बिघडते.

आमचा मुक्काम चोडणला. गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी. ती एरवी बंद पडली असती तर मी बसने ऑफिसला गेलो असतो. पण बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बांबोळीला गोमेकॉत न्यावं लागतं. चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने आणि पुढे बांबोळी. आणि ह्या गाडीने रुसण्यासाठी नेमकी फेरीबोट निवडली होती! बोटीत चढलं की इंजिन बंद करायचं, पलीकडचा धक्का आला की चालू करायचं. रँप खाली पडतो, पुढच्या गाड्या निघतात, मागचे हॉर्न मारतात आणि आमची गाडी म्हणते, 'टक्'.

दोन वेळा बोटीतल्या लोकांनी ढकलून दिली. बाबा आत बसलेले. उतरून चढण चालण्याची ताकद नाही आणि लोक आपल्याला ढकलताहेत ह्याची लाज. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, खिडकीबाहेर बघून पुन्हा पुन्हा "थँक यू, थँक यू" म्हणत होता. त्यानंतर ते घरातून निघण्याआधी विचारू लागले, "आज चालू होईल ना रे?" हा प्रश्न मला बिलापेक्षा जास्त टोचायचा.

एका गॅरेजने बॅटरी बदलली. मग स्टार्टर मोटरचे कार्बन ब्रश. मग किल्लीचा स्विच. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. रोग रेड्याला, औषध पखालीला! सुटे भाग बदलून निदान करायचं ही पद्धत 'कधी कधी'च्या आजारात सर्वांत महागडी, कारण भाग बदलला म्हणून गाडी बरी झाली की तिला तसंही आज चालूच व्हायचं होतं, हे कळायला मार्ग नसतो.

मी कारकून माणूस. गाडीतलं काही कळत नसलं तरी नोंदवही ठेवणं कळतं. शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, इंजिन आधी किती मिनिटं चालू होतं, किती मिनिटं बंद होतं, पाऊस होता का, एसी-वायपर-दिवे चालू होते का, आणि शेवटचा रकाना, आवाज कसला. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. भराभर 'टकटकटक' आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली. एकच जाड 'टक्' आला तर स्टार्टरपर्यंत हुकूम पोहोचतोय, पण मोटर फिरवायला पुरेसा करंट मिळत नाही, किंवा स्टार्टरचे आतले संपर्क खराब. काहीच आवाज नाही तर संशय किल्लीच्या स्विचवर किंवा रिलेवर.

दीड महिन्यात अकरा नोंदी झाल्या. वही उघडून बसलो तर 'कधी कधी' हा शब्दच गळून पडला! सकाळी थंड इंजिनावर एकदाही नाही. पावसाचा संबंध नाही. अकराही वेळा इंजिन चांगलं तापलेलं, आणि मग दहा ते वीस मिनिटं बंद. प्रत्येक वेळी एकच जाड 'टक्'. आणखी एक गोष्ट सहज म्हणून लिहून ठेवली होती: त्या क्षणी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा टुणकन उडायचा.

ही वही घेऊन एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने पानं शांतपणे वाचली, काट्याच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "करंट येता ती वाट सगळेच पळयतात, परत वता ती कोणूच पळयना."

आता ह्याचा उलगडा. गाडीत बॅटरीच्या प्लसपासून प्रत्येक उपकरणापर्यंत तार जाते, पण परतीला वेगळी तार बहुतेक ठिकाणी नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीचा रस्ता. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते आणि सांगाडा जोडायला तांब्याची जाड पट्टी लावतात. हीच अर्थिंगची पट्टी. ती खराब झाली की करंट मिळेल त्या आडवाटेने परतायला बघतो. काटे उडतात, एक दिवा लावला की दुसरा मंदावतो, काही गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबलसुद्धा गरम होते.

मग गॅरेजातल्या मीटरला हे का दिसलं नाही? इथे जॉर्ज ओम ह्या जर्मन गृहस्थाचा १८२७ साली प्रसिद्ध झालेला नियम कामाला येतो. दहावीनंतर माझी त्याच्याशी गाठ पडली नव्हती. लहान गाडीचा स्टार्टर फिरताना शंभराहून जास्त अँपियर ओढतो. १२० धरा. जोडात ०.०२ ओमचा अडथळा असला तर २.४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. १२.६ व्होल्टच्या बॅटरीतून एवढे गेले की स्टार्टर काय फिरणार? त्याच जोडातून पाच वॉटचा छोटा दिवा लावला तर करंट जेमतेम ०.४ अँपियर, आणि नुकसान व्होल्टच्या शंभराव्या भागाइतकं! मीटर तर त्याहूनही नगण्य करंट घेतो. म्हणून नुसता मीटर लावला की सगळं आलबेल. ओझं पडल्याशिवाय विजेच्या जोडाची परीक्षा होत नाही. तापल्यावर तांब्याचा रोध आणखी वाढतो, तापमान ५० अंशांनी वाढलं तर सुमारे २० टक्के. थंडीत कशीबशी निभावणारी पट्टी तापल्यावर हात टेकायची.

त्या इलेक्ट्रिशियनने गाडी मुद्दाम अर्धा तास फिरवून आणली, पंधरा मिनिटं उभी केली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या धातूवर, आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. तिथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. दोनाच्या वर दिसले! मग त्याने जंपर केबलने बॅटरीचा मायनस सरळ इंजिनाला जोडला. गाडी झटकन सुरू. केबल काढली, पुन्हा 'टक्'. ह्याला म्हणायचं निदान. नंतरचं काम वीस मिनिटांचं: पट्टी नवी घातली, बोल्टाखालचा गंज आणि रंग सँडपेपरने घासून चकचकीत धातू काढला, आवळून वर व्हॅसलिन फासलं. गाडीला 'अर्थ' मिळत नव्हता, म्हणून तिच्या वागण्याचा अर्थ लागत नव्हता.

प्रत्येक गाडीचं दुखणं हेच असेल असं नाही. कुठे रिलेचा संपर्क जळलेला असतो (शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून बघणं हा फुकटचा उपाय). कुठे उंदरांनी तार कुरतडलेली असते, तिथे इंजिन चालू ठेवून तारांचे जुडगे एकेक हलवून बघावे लागतात, पंखा आणि बेल्टपासून हात सांभाळून. सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर गाडी बंद असताना किती करंट झिरपतो ते मोजावं. ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर साधारण ठीक, मात्र नव्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपी जायला अर्धा तास द्यावा. नव्या गाड्या स्वतःच दोषाची नोंद ठेवतात आणि स्कॅनर लावला की दोष नोंदवला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, वेग किती होता, हेही बऱ्याचदा सांगतात. म्हणजे आमचीच वही! पण गंजलेल्या बोल्टाचं नाव स्कॅनर सांगत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचलेला परिणाम तेवढा तो सांगतो.

म्हणून गॅरेजात जाताना 'कधी कधी बंद पडते' एवढंच सांगू नका. कधी, कशानंतर, कोणत्या आवाजात, हे लिहून न्या. आणि मेस्त ते न वाचताच पाना उचलत असेल तर दुसरा मेस्त शोधा.

त्या दुरुस्तीला आता दोन पावसाळे झाले. वहीत नवी नोंद नाही. बाबा मधे काही महिने सवयीने विचारायचे, "चालू होईल ना रे?" हल्ली बोटीत बसल्यावर ते पेपर वाचतात.