ख्रिस्तानुकरण आणि आमचे घर

आमच्या तीर्थरूपांच्या फडताळात ज्ञानेश्वरी, दासबोध आणि गीतारहस्य यांच्या शेजारी काळ्या पुठ्ठ्याचे एक लहानसे इंग्रजी पुस्तक असे. त्याचे नाव ‘ख्रिस्ताचे अनुकरण’. ते तेथे कसे आले हे त्यांनी कधी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. आमच्या घराण्यात कोणी धर्मांतर केले नव्हते, की कोणा मिशनऱ्याचे आमच्याकडे जाणेयेणे नव्हते. त्यांच्या पश्चात पुस्तकांची वाटणी झाली तेव्हा ते माझ्याकडे आले, आणि गेली काही वर्षे निजण्यापूर्वी त्यातील एखाददुसरे पान वाचण्याचा प्रघात मी ठेवला आहे.

या पुस्तकाचा कर्ता थॉमस ए केंपिस हा ऱ्हाईन नदीजवळच्या केंपेन गावचा. त्याचे जवळजवळ सारे आयुष्य आजच्या नेदरलँड्समधील झ्वोले शहरालगतच्या एका मठात, बहुतांशी पोथ्यांच्या नकला करण्यात गेले. संपूर्ण बायबल त्याने स्वहस्ते एकाहून अधिक वेळा उतरून काढले. त्याच्या हातची, १४४१ सालचा उल्लेख असलेली ‘अनुकरणा’ची प्रत ब्रुसेल्स येथील ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहे. मठात जन्म काढलेल्या या नकलनविसाचे पुस्तक आपल्याकडील संन्याशालाही भावले: स्वामी विवेकानंदांनी १८८९ मध्ये त्यातील काही भागाचे बंगाली भाषांतर केले, आणि परिव्राजक अवस्थेत गीतेबरोबर हे पुस्तकही ते जवळ बाळगीत. तेव्हा ते वाचण्यास आपला धर्म सोडावा लागतो, अशी भीती वाचकांनी बाळगण्याचे कारण नाही. मात्र ते वाचल्यावर आपण आहो तसे सुखाने राहू, अशीही खात्री मी देत नाही.

सकाळी संकल्प करावा आणि रात्री दिवसाचा झाडा घ्यावा, असे थॉमस सांगतो. हीच गोष्ट पुढे इग्नेशियस लोयोला याने शिस्तीत बसविली. हा मूळचा स्पेनमधील शिपाईगडी. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचावयास त्याला शौर्यकथा हव्या होत्या. घरात निघाली ती ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र! त्याच्या साधनाग्रंथात आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखलेल्या आहेत. एकच दोष निवडावयाचा, तो घडताच छातीवर हात ठेवावयाचा, आणि दिवसातून दोनदा जितके प्रमाद तितके ठिपके त्या रेघेवर द्यावयाचे. दोन शतकांनंतर अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने तेरा गुणांची वही करून तिच्यात असेच काळे ठिपके मांडले. त्याचे प्रथम बाराच गुण होते. ‘तू गर्विष्ठ आहेस’ असे एका स्नेह्याने सुनावल्यावर त्याने नम्रता हा तेरावा गुण जोडला, आणि त्यापुढे येशू व सॉक्रेटिस यांचे अनुकरण करावे, असे टिपून ठेवले. गर्व पुरता जिंकला तरी त्या नम्रतेचाच मला गर्व वाटेल, अशी कबुलीही त्यानेच देऊन ठेवली आहे. हा गृहस्थ मला आवडतो. पण मोक्षाचा हिशेबही तो छापखान्याच्या हिशेबासारखाच ठेवतो, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे हे नाही असे कोणी समजू नये. संध्येतील मंत्राचमन आपण मुंजीपासून पाठ म्हणत आलो. प्रातःकाळी रात्रीचे आणि सायंकाळी दिवसाचे पाप. मनाने, वाचेने, हातांनी, पायांनी, उदराने केलेले, एकेक इंद्रियाचे नाव घेऊन. आणि त्यांतही आरंभीच क्रोधाच्या भरात घडलेल्या पापापासून रक्षणाची याचना. इग्नेशियसच्या रेघांच्या कितीतरी आधी आपल्या पूर्वजांनी दोन वेळचा झाडा लावून दिला होता. आपण मात्र पळीभर पाणी पिऊन पुढच्या मंत्राकडे वळतो!

मीही एक वही केली. दोष निवडला तो रागाचा. चार महिन्यांत ठिपके बरेच विरळ झाले. घरातील मंडळींनी ते मान्यही केले. पण वहीतून एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. तिच्यात सर्वत्र मी होतो. माझा राग, माझा संयम, माझी प्रगती. ज्यांच्यावर रागावलो त्यांचे काय झाले, याला त्या रेघांत जागाच नव्हती. याच सुमारास मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन पुन्हा वाचीत असता एका ठिकाणी अडलो, तो आजपर्यंत तेथेच आहे.

त्या ठिकाणी येशू सांगतो, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आला असता आपल्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर ते अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. ऐकणारे लोक गालीलातले. वेदी येरुशलेमच्या मंदिरात. मधले अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, आणि प्रवास पायी. म्हणजे अर्पण टाकून गावी परतावयाचे आणि पुन्हा यावयाचे, यात आठवडा सहज मोडावा. पण खरी अडचण अंतराची नाही. भावाविरुद्ध तुझ्या मनात काही असेल तर, असे तो म्हणत नाही. तुझ्याविरुद्ध भावाच्या मनात असेल तर, असे म्हणतो. न्याय कोणाच्या बाजूचा, हे तो विचारीतच नाही.

माझे थोरले चुलत बंधू, नाना, आमच्या कोकणातील घरात राहतात. तीर्थरूप नोकरीनिमित्त पुण्यास राहिले. काकांनी चाळीस वर्षे आगर राखले. २०१४ मध्ये वाटणी झाली ती कायद्याप्रमाणे समसमान; वाटणीपत्र रीतसर नोंदलेले आहे, आणि त्यात काही वावगे झाले असे मला तेव्हाही वाटले नाही व आजही वाटत नाही. नानांचे म्हणणे एवढेच, की कायदा झाडे मोजतो, शिंपलेले पाणी मोजीत नाही. तेव्हापासून पडवीत भिंत आली आणि एका घरात दोन गणपती बसू लागले. आमचे घर बारा महिने बंद असते. चतुर्थीला आम्ही जातो, कुलूप काढतो, पाच दिवस भिंतीच्या अलीकडे आरती करतो. पलीकडेही तीच आरती, तीच चाल, अर्ध्या कडव्याच्या अंतराने चालते. हे ज्याने ऐकले नसेल त्याला त्यातील लाज कळावयाची नाही.

अनुकरण म्हणजे काय, याचा मराठी माणसाला दाखला हवा असल्यास तो दूर नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात गेल्यावर फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचा आश्रम त्यांनी पाहिला, आणि ही दया कोठून येते, असे विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्री व येशू यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. काम आधी दिसले, ग्रंथ मागाहून उघडला. केडगावच्या ‘मुक्ती’चे बीज मला त्या क्रमात दिसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट अधिक कठीण. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये, आणि मधल्या काळात त्या माउलीने काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. एकाच्या ख्रिस्तमय होण्याची किंमत घरातील दुसऱ्याने भरली. टिळकांविषयी मला आदर आहे, तरी येथे माझे मन लक्ष्मीबाईंच्या बाजूने जाते. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. स्वतः भिंत ओलांडून गेलेल्या माणसाला उत्तरवयात भिंतीच नकोशा व्हाव्या, हे मला फार स्वाभाविक वाटते.

नानांकडे जाण्याचा विचार मी घरात काढला तेव्हा दोन मते पडली. चिरंजीवाचे म्हणणे, की आपण गेलो म्हणजे आपले चुकले असा अर्थ होतो. उद्या ते वाटणी फिरवावयास सांगतील. त्यात तथ्य नाही असे नाही. समेटाच्या नावाखाली हक्क सोडून देणारी भिडस्त माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या मनातले विषही पाहिले आहे. घरातून मात्र वेगळेच उत्तर मिळाले: “कागद तुमच्या बाजूचे आहेत हे नानाभावजींना ठाऊक का नाही? काकांनी पाणी शिंपले, एवढे तुमच्या तोंडून कोणी ऐकले आहे का?”

गेल्या चतुर्थीस गुरुजी आले, प्राणप्रतिष्ठा झाली, पूजा आटोपत आली, मोदकांचे ताट पुढे आले. नैवेद्यावर पाणी फिरविण्यापूर्वी मी गुरुजींना थोडे थांबावयास सांगितले आणि सोवळ्यानेच भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. नाना नुकतेच पूजेवरून उठले होते. मी नमस्कार केला आणि म्हणालो, “नाना, आगर काकांनी राखले. ते नसते तर वाटावयास काही उरलेच नसते. हे मी आजवर बोललो नाही, ते बोलावयास आलो.” वाटणीपत्राचे नाव मी काढले नाही, त्यांनीही नाही. बराच वेळ ते समईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुझी पूजा खोळंबली असेल. जा.”

सायंकाळच्या आरतीस त्यांच्याकडील कोणी आले नाही. वहिनींनी मोदक पाठविले, आम्हीही पाठविले; तेवढे दरवर्षी चालतेच. विसर्जनाच्या आदल्या रात्री मात्र नानांचा धाकटा नातू ओट्यावर येऊन उभा राहिला. त्यांच्या झांजेची दोरी तुटली होती. आजोबांनी आमची मागितली होती. तीर्थरूपांच्या वेळची, जुन्या पितळेची ती झांज मी त्याच्या हाती दिली. निघण्याच्या दिवशी ती परत आली नाही, आणि मीही मागितली नाही.