कलाभवनाच्या वाटेवर

बडोद्यास गेलो की कलाभवनावरून एक फेरी मारल्यावाचून आमचे समाधान होत नाही. गेल्या हिवाळ्यात मामांना सोबत घेऊन निघालो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेली ही संस्था. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके येथे शिकले. १९४९ साली विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याचा भाग बनले. मामा येथलेच अभियंते. इमारतीकडे पाहत ते म्हणाले, "ट्रेसिंगवरची रेघ चुकली की ब्लेडने खरवडावी लागे. म्हणून आधी विचार, मग रेघ."

दांडिया बाजारातील घरी परतलो तो त्यांची नात संगणकापुढे बसलेली. ती दुसऱ्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भिंतीत बसवून टोकावर वजन पेलणारा काटकोनी लोखंडी ब्रॅकेट तिला योजायचा होता. एक माप बदलले की पडद्यावरची सारी आकृती बदले आणि कोठे किती ताण येतो ते रंगांत उमटे. संध्याकाळभरात तिने वीस आकार करून पाहिले होते. मात्र कोणता का सरस, हे तिला सांगता येईना.

"पोरी, हा प्रयोग नव्हे, हा जुगार झाला," मामा म्हणाले. तिचा चेहरा उतरला. आम्हांलाही ते बोलणे जरा कठोर वाटले. पण मामांनी वही मागवली, मधोमध रेघ ओढली. डावीकडे अंदाज, उजवीकडे उत्तर. आणि एका वेळी एकच माप बदलायचे.

आडव्या भुजेची रुंदी दुप्पट केली. तिचा अंदाज : ताण निम्मा. उत्तर तेच आले. मग रुंदी पूर्ववत करून उंची दुप्पट केली. अंदाज पुन्हा निम्मा. पण भुजेतला ताण चौथाईवर आला आणि तिचे वाकणे सुमारे आठव्या हिश्शावर! मामांनी पोलादी फूटपट्टी मेजाच्या कडेला धरली. आडवी धरली तेव्हा बोटाने वाकली. उभी धरली तेव्हा हलेना. नातीने ती स्वतः दोनतीनदा दाबून पाहिली.

पुढची पाळी मामांची होती. ब्रॅकेटच्या आतल्या टोकदार कोपऱ्यात लाल रंग दिसत होता. आकृतीचे आणखी बारीक तुकडे पाडून गणित केले, की ताणाचा आकडा स्थिरावेल, असा त्यांचा अंदाज. तुकडे जितके बारीक, तितका आकडा चढतच गेला. "म्हणजे यंत्र चुकते!" मामा म्हणाले.

"नाही, आजोबा. गणितातल्या धारदार कोपऱ्यावर ताणाला सीमाच नसते. खऱ्या लोखंडात असा कोपरा नसतो." तिने तेथे पाच मिलिमीटरची गोलाई दिली, आकडा स्थिरावला. मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या कागदावर हे कधी दिसले नसते."

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर जाताना रिक्षा कलाभवनावरून गेली. पोहोचवायला आलेल्या नातीच्या मांडीवर ती वही होती. डावीकडचा रकाना तिने रात्रीच भरून ठेवला होता. उजवीकडचा अजून कोरा होता.